वीतभर वाघिणी

चौकशीच्या साहेबांना तुमच्या वाघिणी हव्या आहेत, एवढंच सांगून गवत-डेपोचा शिपाई दारातूनच परत गेला, तेव्हा सुमंतच्या अर्ध्या गालाला साबण होता. वाघिणी म्हणजे मालगाडीचे डबे. पण सुमंतचे डबे वीतभर लांबीचे होते, सिगारच्या खोक्यांच्या लाकडाचे आणि पत्र्याचे, मागच्या खोलीत भिंतीलगत टाकलेल्या बुटक्या फळीवर, बारीक रुळांवर ओळीने उभे. आजवर ते कुणी मागितले नव्हते. शाळेतले मास्तर कधी येत, वाकून पाहत, चित्रकलेच्या मास्तराने हे काय आरंभलंय अशा चेहऱ्याने चहा पिऊन जात. शिपाई गेल्यावर त्याने वस्तरा पुन्हा गालाला टेकवला आणि त्याच्या ध्यानात आलं की हात पुढे सरकत नाहीये. आरशात त्याला स्वतःचा गळा दिसत होता, खाली बंडी, बंडीखाली वरखाली होणारी छाती. श्रीमंतला नेमकं कुठे लागलं होतं हे आपण कुणाला विचारलंच नाही. छातीला, असं लोक म्हणत होते. डेपोच्या फाट्यावर दोन वाघिणी जोडताना बफरांमध्ये, डब्यांच्या टोकांना दणका झेलायला असतात त्या लोखंडी थाळ्यांमध्ये, सापडला आणि जागच्या जागी गेला, हे त्याने माळीवाड्यात भाजी घेताना ऐकलं होतं. ऐकून त्याने मेथीची जुडी पिशवीत घातली, शाळेत गेला, पाचवीच्या वर्गाला जास्वंदीचं फूल काढायला दिलं आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. मुलांनी फुलं काढली, त्याने ती तपासली, एकाच्या परागांना लाल रंग जास्त झालाय म्हणून सांगितलं. संध्याकाळी घरी बायकोला, दमयंतीला, ती बातमी सांगायला गेला तेव्हा ती म्हणाली, मला कळलंय, मी त्यांच्या घरी, मुक्ताबाईकडे जाऊन आले. आपण का गेलो नाही, हे त्याला स्वतःला सांगता येईना.

श्रीमंत त्या डेपोतला जोडणीवाला. लढाई पेटली तसा गावाबाहेर एका कंत्राटदाराने लष्कराच्या खेचरांसाठी गवताचा डेपो काढला, मुख्य लाइनीपासून एक फाटा आत घेतला, आणि चारी बाजूंनी गोळा केलेलं गवत गठ्ठे बांधून वाघिणींत भरलं जाऊ लागलं. धड वाघिणी सगळ्या लढाईच्या कामाला गेल्या होत्या. फाट्यावर यायच्या त्या मोडीतून काढलेल्या, गंजक्या. इंजिन त्या मागून लोटत आणी आणि श्रीमंत व पुंजाराम असे दोघं त्या एकमेकींना साखळीने जोडत. श्रीमंत मूळचा खर्ड्याचा. उंच, खांद्यांत किंचित वाकलेला, बोलताना आधी हसून घेणारा. त्याची ओळख झाली तीही अशीच, भलत्या प्रसंगात. बेचाळीस सालचा पावसाळा ओसरत आला होता. ठिकठिकाणी तारा तोडल्या जात होत्या, रूळ उखडले जात होते, किल्ल्याकडच्या रस्त्यावर पहारा बसला होता, आणि अशा दिवसांत सुमंत डेपोच्या कुंपणाबाहेर उभा राहून एका वाघिणीच्या चाकांचं चित्र कागदावर उतरवून घेत होता. पहारेकऱ्याने त्याला दंडाला धरून आत नेलं. मी शाळेत मास्तर आहे, एवढं म्हणायलाही सुमंतच्या घशातून शब्द निघेना. तेव्हा गठ्ठ्यांवर बसलेला हा उंच माणूस उठून आला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "ह्यो मानूस रूळ काय उखडतोय? त्यानं खिळासुदिक सोडला न्हाई चितरायचा." आणि हसला. पहारेकऱ्यालाही हसू आलं. त्या दोघांच्या हसण्यातून सुमंत मोकळा होऊन बाहेर पडला.

पुढच्याच रविवारी श्रीमंत वाघिणी बघायला म्हणून घरी आला आणि मग येतच राहिला. वहाणा दारात काढायच्या, हात धोतराला खसाखसा पुसायचे आणि फळीपुढे मांडी ठोकायची. दमयंतीने दिलेला चहा बशीत निवत ठेवून तो एकेक वाघीण बोटाने लोटून दुसरीला लावी. पुढच्या वाघिणीचा पत्र्याचा आकडा मागचीच्या पत्र्याच्या फासात अडके. तो सोडवी, पुन्हा अडकवी. आठवडाभर हेच करणाऱ्या माणसाला सुटीच्या दिवशी पुन्हा हेच करावंसं का वाटावं, असं सुमंतने एकदा विचारलं. "हितं दम लागत न्हाई, मास्तर," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आन् इंजिनाकडं बगावं लागत न्हाई." एवढं बोलून त्याने बशी उचलली. सुमंतने पुढे काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, कारण इंजिनाकडे बघणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं त्याला वाटत होतं. त्याचे वडील दौंडच्या बाजूला एका लहान स्टेशनावर मालबाबू होते आणि सुमंतचं बालपण रुळांना लागून असलेल्या दोन खोल्यांत गेलं. वाघिणी एकमेकींवर आदळत तेव्हा तो आवाज दूर सुरू होई आणि एकेका वाघिणीतून धावत धावत घराजवळ येई, फळीवरची भांडी वाजत, आणि अंथरुणात पडलेल्या सुमंतला वाटे की हा आवाज आता घराशी थांबणार नाही, आत येईल. मुलगा भित्रा निघाला हे वडिलांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी एके दिवशी त्याला दंडाला धरून चालत्या मालगाडीच्या अगदी जवळ नेऊन उभं केलं. बघ, काही होत नाही, असं ते म्हणत होते. ते तोंड हलवताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. चाकांचा वारा त्याच्या पोटऱ्यांना लागत होता. त्याची चड्डी ओली झाली आणि वडिलांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि त्यानंतर जन्मभर त्यांनी त्याला कशाच्याही जवळ नेलं नाही. सुमंतने पहिली वाघीण केली ती वडील वारले त्या वर्षी. तळहातावर घेऊन पाहिली तेव्हा त्याला फार शांत वाटलं होतं. तिला पाहिजे तेव्हा थांबवता येत होतं.

शाळा सुटल्यावर तो डेपोत गेला. चौकशीला आलेले साहेब मुंबईहून आलेले, पण मराठीच. स्वच्छ कपडे, हलका आवाज, समोरच्याला बसा म्हणायला न विसरणारे. दोन दिवसांत चौकशीचं काम आटपायचं होतं. कंत्राटदाराचा माणूस आणि लाइनीचे एक अधिकारी यांना अपघात कसा घडला ते समजावून सांगायचं, तर टेबलावर दोन वाघिणी असल्या की बरं, आणि तुमच्या त्या खेळाबद्दल इथे कुणीसं बोललं, असं ते म्हणाले. खेळ हा शब्द त्यांनी वाईट अर्थाने वापरला नव्हता. सुमंत हो म्हणाला आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढे फळीवरच्या वाघिणी आल्या, पत्र्याच्या लांबुडक्या आकड्यांनी एकमेकींत अडकलेल्या. ते आकडे त्याने मुंबईहून आणलेल्या एका मोडक्या खेळण्यातून काढले होते. वाघिणीच्या मानाने ते फार लांब होते. त्यांच्यामुळे दोन वाघिणींचे बफर एकमेकांना कधी टेकतच नसत, मध्ये दोन बोटांची फट राही. ती फट खऱ्या मापात केवढी होईल, हे त्याने मनातल्या मनात काढून पाहिलं आणि त्याचे कान तापले. माणूस ऐसपैस उभा राहील एवढी. हे पाहणारा कुणीही म्हणणार, एवढी जागा असताना हा मेला कसा? नक्की प्यायलेला असणार. त्याने साहेबांना सांगितलं की याच्या जोडण्या खऱ्यासारख्या नाहीत, त्या बदलायला हव्यात, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. ठीक आहे, म्हणाले, तोवर दुसरी कामं उरकून घेतो. घरी येताना सुमंत जवळजवळ धावत होता. श्रीमंत गेल्यापासून छातीत साचून राहिलेलं काहीतरी मोकळं झालं होतं. आपल्या हाताने करण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते फक्त आपल्यालाच करता येणार आहे.

पितळ बाजारात मिळत नव्हतं, सगळं लढाईने गिळलेलं. दमयंतीने माळ्यावरून एक बुड फुटलेला पितळी डबा काढून दिला. देताना ती म्हणाली की मुक्ताबाईला डेपोत गवताच्या पेंढ्या बांधायच्या कामावर घेणार असं बोलणं झालंय, राहती खोलीही ठेवणार. पण चूक श्रीमंतची ठरली तर दोन्ही नाही. डेपोतले काही लोक तो प्यायला होता असं उठवताहेत. "त्या माणसाने आपल्याकडे चहासुद्धा कधी दुसऱ्यांदा घेतला नाही," ती म्हणाली. सुमंतने मान डोलावली. त्याचं लक्ष डब्याच्या झाकणाकडे होतं, ते चांगलं जाड होतं, त्यातून आकडे निघाले असते. पहाटे उजेड फुटला की तो फळीपुढे बसे आणि शाळेतून आला की दिवेलागणीपर्यंत. आधी सगळ्या वाघिणींचे जुने आकडे काढले. स्क्रू पिळून गेले होते, ते पकडीने ओढून काढताना वाघिणीच्या तोंडाच्या फळ्या चिरत, त्या सरसाने सांधाव्या लागत. फळीच्या बरोबर मध्ये नवीन भोक, भोकात पितळेचा आकडा, मागून खिळी, खिळीच्या मागे घड्याळातल्या स्प्रिंगचा तुकडा. कड्यांसाठी तांब्याची तार खिळ्याभोवती गुंडाळायची, वेटोळं उभं कापायचं, एकेक कडं सुटं करायचं, एकात एक ओवून तीन कड्यांची साखळी, आणि प्रत्येक कड्याच्या सांध्यावर डाखाचा, वितळलेल्या कथलाचा, एवढासा थेंब. हात थरथरला की डाख ओघळे. तो श्वास रोखून थेंब सोडी, आणि तेवढ्या वेळापुरतं श्रीमंत मेलाय हे त्याच्या डोक्यात नसे. मग श्वास सोडताना आठवण परत येई. आत कसा गेला असेल. साखळी उजव्या हाताने धरली असेल की डाव्या. ओरडला असेल का, आणि ओरडला असला तरी इंजिनाच्या आवाजात ऐकू कुणाला गेलं असेल. तो कानस उचली आणि आकड्याची टोकं घाशी.

पहिल्या दोन वाघिणींना नव्या जोडण्या लागल्या तेव्हा त्याने त्या रुळांवर ठेवल्या आणि एक हलकेच लोटली. बफर बफराला जाऊन टेकले. फट राहिली नाही. तो एवढासा, नखाएवढा आवाज झाला आणि सुमंतचा हात आपोआप मागे आला, भाजल्यासारखा. किती तरी वेळ तो त्या दोन वाघिणींकडे पाहत राहिला. दोन्ही बाजूंचे बफर टेकलेले, मध्ये साखळी लोंबलेली, आणि माणसाला आत जायला बफरांच्या खालून वाकून जाण्यावाचून वाट नाही. हे पाहिल्यावर कुणी कसं म्हणेल की जागा होती? आता कुणाला काही सांगावंच लागणार नाही, असं त्याला वाटलं. पाहिलं की कळेल. शनिवारी एक साखळी बिघडली. डाख जास्त झाला आणि दोन कडी एकमेकींना चिकटून काठीसारखी ताठ झाली; आकड्याजवळ नेली तरी वळेना, बसेना. टाकून द्यावी असं मनात आलं, पण तार संपत आली होती. त्याने ती निखाऱ्यावर धरली, सुईने डाख काढला, तेलाचा थेंब सोडून बोटात मळत राहिला, मळत राहिला, आणि कडी सुटली. इतर साखळ्यांहूनही ती जास्त मऊ झाली, रेशमासारखी बोटांतून ओघळू लागली. ते पाहून त्याने दमयंतीला हाक मारली. बघ, म्हणाला. ती पदराला हात पुसत आली, साखळी पाहिली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्हाला फार बरं वाटतंय." त्यात दूषण नव्हतं, पण सुमंतला एकदम खोलीत उकडायला लागलं.

सोमवारी त्याने दोन वाघिणी आणि रुळांचा एक तुकडा जुन्या धोतरात गुंडाळून डेपोत नेला. ओसरीवर पुंजाराम उकिडवा बसला होता. तो उठून उभा राहिला आणि गुंडाळ्याकडे पाहून, उघडून दाखवा असं न म्हणता, परत बसला. आत टेबलाभोवती साहेब, कंत्राटदाराचा माणूस आणि लाइनीचे अधिकारी असे तिघं होते. सुमंतने रूळ मांडले, वाघिणी ठेवल्या. कंत्राटदाराचा माणूस वा म्हणाला आणि त्याने वाघिणीचं सरकतं दार उघडून मिटून पाहिलं. साहेबांनी चष्मा पुसला. पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी मागची वाघीण लोटली, बफर टेकले, आणि सुमंत वाट पाहू लागला. आता त्यांना दिसेल. साहेब वाकले, डोळा टेबलाच्या पातळीला आणून त्यांनी बफर पाहिले, साखळी पाहिली. मग पेन्सिलीच्या टोकावर साखळीचं शेवटचं कडं अलगद उचललं आणि बाजूनेच समोरच्या आकड्यात सोडलं. ते बसलं. त्यांनी काढलं, पुन्हा सोडलं. पुन्हा बसलं. शनिवारची मऊ साखळी होती ती. साहेबांनी पेन्सिल लाइनीच्या अधिकाऱ्यांच्या हातात दिली. त्यांनाही पहिल्याच खेपेला जमलं.

"म्हणजे बाहेर उभं राहून, आकड्याच्या काठीने हे करता येतं," साहेब म्हणाले. "आत जायचं कारणच नव्हतं."

सुमंतने साखळीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला की काठी नेहमी पुरत नाही, खरी साखळी एवढी सैल नसते, ती जड असते, गंजून धरलेली असते. बोलताना त्याला स्वतःचा आवाज वर्गातल्यासारखा ऐकू येत होता. साहेबांनी त्याला मध्ये तोडलं नाही. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हे मापाला बरोबर आहे ना, मास्तर?"

"मापाला बरोबर आहे."

"मग खरी साखळी अशी नसते, हे तुम्ही कशावरून म्हणता? तुम्ही ती उचलून पाहिली आहे?"

खिडकीबाहेर कुठेतरी गठ्ठे टाकल्याचा मऊ आवाज येत होता. सुमंतने कुंपणाबाहेर उभं राहून काढलेली किती तरी चित्रं त्याला आठवली, आकड्याची गोलाई, कड्याची जाडी, सगळं डोळ्याने घेतलेलं. हो म्हणून टाकावं. कोण विचारणार आहे? पण त्याची जीभ तो शब्द उचलेना, जशी त्या दिवशी पहारेकऱ्यापुढे उचलत नव्हती. "नाही," तो म्हणाला.

"कधीच?"

"कधीच नाही."

साहेबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर त्याच्याविषयी खरोखरच सहानुभूती होती. मग त्यांनी पुंजारामला आत बोलावलं आणि सुमंतला बाहेर थांबायला सांगितलं. पुंजाराम लगेच परत आला. मयत दारू पीत होता का एवढंच विचारलं, तो म्हणाला, मी न्हाई म्हनलं, जा म्हनले. दोघं ओसरीच्या पायऱ्यांवर उभे राहिले. आतून कंत्राटदाराच्या माणसाचं हसणं आणि सरकत्या दाराचा बारीक आवाज आला. मग सुमंतने पुंजारामला विचारलं की वाघिणी कुठे उभ्या आहेत. पुंजाराम पुढे चालू लागला.

उन्हात सहा-सात वाघिणी उभ्या होत्या. जवळ गेल्यावर त्या फार उंच झाल्या. सुमंतच्या पोटऱ्यांवरून वारं गेल्यासारखं झालं, पण वारं नव्हतं आणि काही हलतही नव्हतं. पुंजारामने इंजिन नसल्याची खात्री करून त्याला खुणेने बोलावलं. सुमंत बफराखालून वाकून आत शिरला. आत वंगणाचा, गंजाचा आणि कुजक्या गवताचा वास होता. दोन्ही हातांनी त्याने साखळी धरली. उन्हाने तापलेली होती. ओढली, तर ती जागची हलली नाही, कडी एकमेकींत धरून बसली होती. त्याने गुडघा लावून, अंग मागे टाकून उचलली तेव्हा ती कमरेपर्यंत आली आणि तिथून वर येईना. समोरचा आकडा छातीच्या उंचीवर होता, हातभर अंतरावर. पुंजाराम बाहेरून बोलत होता, आवाजात चढउतार न करता, सवयीचं सांगितल्यासारखं. डबे उभं ऱ्हायले की साखळी पुरत न्हाई. इंजिन दाबतंय तवाच बफर आत जात्यात, तेवढ्यात टाकायची. बफर मागं आले की परत न्हाई पुरत. म्हणून आधीच आत जाऊन उभं राहावं लागतं, साखळी उचलून. सुमंत ती उचलून उभा होता. त्याच्या दंडांतून कळा येत होत्या, घाम डोळ्यांत जात होता, आणि तरी त्याला ती सोडवेना. त्याने निखाऱ्यावर धरलेली ती साखळी त्याला आठवली, ताठ, न वळणारी. ती खरी होती. सबंध आठवड्यात त्याच्या हातून झालेली खरी साखळी तेवढी एकच, आणि ती त्याने तेल घालून मोडली.

तो तसाच, काळ्या हातांनी, गंज लागलेल्या सदऱ्याने ऑफिसकडे पळाला. साहेबांची मोटार दारात लागली होती, ते पायरी उतरत होते. सुमंतने त्यांना चला म्हटलं, एकदा येऊन पाहा, मी आत्ता उचलली, ती वळत नाही, ती पुरत नाही, माझ्या जोडण्या चूक आहेत. त्याने हात पुढे करून दाखवले. साहेब त्या हातांपासून किंचित मागे सरले. काम आटपलं होतं. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या कामाबद्दल मी चांगलाच शेरा लिहिलाय." आणि खरोखर मनापासून, डोळ्यांत पाहून त्यांनी त्याला नमस्कार केला. शिपायाने वाघिणी धोतरात नीट गुंडाळून आणून दिल्या. मयताची हयगय, असं ठरलं होतं; ते शिपायानेच सांगितलं.

नंतरचे दिवस सुमंत शाळेत गेला आणि परत आला. मागच्या खोलीचं दार त्याने लावून घेतलं. दंड दुखत होते तोवर त्याला थोडं बरं वाटत होतं. मग दुखणंही थांबलं. शाळेत फळ्यावर तो पेला काढत होता, सावली देत होता, आणि मध्येच थांबून त्याला वाटे की या पेल्याला वजन नाही, आपण आजवर काढलेल्या कशालाच वजन नव्हतं. मुलं वाट पाहत. तो सावली पुरी करी. दमयंती मुक्ताबाईकडे एकदा गेली आणि आल्यावर, खोली रिकामी करायला सांगितलंय, खर्ड्याला भावाकडे जातेय, एवढं सांगून स्वयंपाकाला लागली. पेंढ्या बांधायचं काम दुसऱ्या कुणाला दिलं होतं. त्याच्या वाघिणींविषयी तिथे काय बोलणं झालं हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारण्याचा धीर केला नाही.

निघायच्या दिवशी मुक्ताबाई स्वतःच आली. जामखेडकडे जाणारी बैलगाडी कोपऱ्यावर उभी करून आली होती. बुटकी, काळीसावळी, कपाळ मोकळं. तिला सुमंतने याआधी एकदाच, लांबून पाहिलं होतं. ती दारात थांबली आणि दमयंतीकडे न पाहता त्याला म्हणाली, "मास्तर, ते डबे बगायचेत मला."

त्याने दार उघडलं. खोलीत कोंदट वास होता. ती फळीपुढे बसली, आणि बसताना तिने पदर गुडघ्यांखाली दाबून घेतला. वाघिणींची ओळ तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. रविवारी हितंच बसायचे का, असं विचारलं. हो, सुमंत म्हणाला. घरला आले की लई सांगायचे, ती म्हणाली, मास्तरनं आता दाराला कडी लावली, आता छपराला रंग दिला. मग तिने दोन वाघिणी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. साखळी सोडवताना तिची बोटं अडखळली नाहीत. "ते कुटं हुते?" ती म्हणाली.

सुमंतने फळीवर माणूस कधी केला नव्हता. दाखवायला जवळ काही नव्हतं. त्याने आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट दोन वाघिणींच्या मध्ये उभं धरलं, बफराच्या समोर. मुक्ताबाईने त्या बोटाकडे पाहिलं. मग मागच्या वाघिणीला तळहात लावला आणि जात्याचा खुंटा धरल्यासारखी पुढे झुकून तिने ती लोटली. पितळेचे बफर बोटाला दोन्ही बाजूंनी टेकले. गार होते.

"लागलं का?"

"नाही," सुमंत म्हणाला.

तिने वाघीण मागे घेतली, तिच्या मागे उरलेली सगळी ओळ लावली, आणि या खेपेला दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन रेटली. वाघिणी रुळांवरून खडखडत आल्या, दोन मागच्या मागेच उलटल्या, एकीचं चाक निसटून फळीवरून खाली घरंगळलं. सुमंतने बोट हलवलं नाही. दारात दमयंती उभी होती.

"आता?"

त्याला हो म्हणायचं होतं. आयुष्यात काही एवढ्या तळमळीने म्हणावंसं त्याला वाटलं नव्हतं. त्याने बोटाकडे पाहिलं, कातडीवर दोन गोल वळ उमटत होते आणि पाहता पाहता पुसले जात होते. "नाही," तो म्हणाला.

मुक्ताबाईने वाघिणीवरचे हात काढून घेतले. मग जमिनीला हात टेकून उठली. दमयंतीने चहा विचारला. गाडीवाला खोळंबलाय, ती म्हणाली. पायऱ्या उतरताना तिने एकदा भिंतीचा आधार घेतला. कोपऱ्यावरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला, गाडी वळली, आणि मग तो आवाज बाजाराच्या गलबल्यात मिसळून गेला. दमयंती आत आली. तिने घरंगळलेलं चाक शोधून फळीवर ठेवलं आणि उलटलेल्या वाघिणी तशाच राहू दिल्या.

"हात काढा आता," ती म्हणाली.

सुमंतने ऐकलं. पण बराच वेळ त्याने बोट मधून काढलं नाही.